एच. पी.

क्लॅरिनेट विकायचं की लातूरला द्यायचं हे ठरवायला शेटकारांची मंडळी उदगीरला जमली, त्या दिवशी टँकर येणार नव्हता. ही गोष्ट थोरली सून गौरम्मा हिनं येणाऱ्या प्रत्येकाला उंबऱ्यातच सांगून टाकली. पाहुण्यांनी आपापलं पाणी घेऊन यावं असा निरोप तिनं आधीच धाडला होता. सासरे हयात असते तर सुनेचा असा निरोप कुणाला खपला नसता, पण यंदाच्या दुष्काळात सगळंच खपून जात होतं.

तिचा धाकटा दीर भीमाशंकर नांदेडला शाळामास्तर होता. तो येस्टीतून उतरला तो एका हातात गोदावरीच्या पाण्याचा कॅन आणि सोबत साहेबराव नावाचा वाद्यांचा जाणकार घेऊन. त्याची बायको आलीच नाही. नांदेडला अजून नळ चालू होता, तो सोडून उदगीरला कोण येतं. नणंद मल्लम्मा देगलूरहून घागर मांडीवर धरून आली. रस्त्यात इतके खड्डे की निम्मी घागर तिच्या लुगड्यानंच पिऊन टाकली होती. गौरम्मानं घागर हलवून बघितली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. मल्लम्मानं ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

जिल्हा नवा झाला की त्याला काय काय लागतं हे आधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कलेक्टर लागतो, कचेरी लागते, इथवर ठीक. पण लातूर उस्मानाबादपासून वेगळं झालं आणि तीनचार वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की आपल्याकडं इतिहासच नाही, तो सगळा जुन्या जिल्ह्यात राहिला. मग एक समिती बसली. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या वस्तूंचं दालन लातुरात उघडायचं, काचेच्या पेट्या करायच्या, खाली नावांच्या पाट्या लावायच्या असं ठरलं. पेट्या आधी तयार झाल्या. आता त्यांत ठेवायला वस्तू हव्या होत्या, म्हणून समितीची माणसं तालुक्या-तालुक्यात फिरत होती, आणि ज्याच्या घरी गंजलेली कात्री होती तोसुद्धा तिचा संबंध रझाकारांशी लावून बघत होता.

शेटकारांना तसली ओढाताण करायची गरज नव्हती. त्यांच्याकडं क्लॅरिनेट होतं. ते देवघराच्या शेजारच्या कोनाड्यात पिवळ्या फडक्यात असायचं, आणि त्याची गोष्ट अख्ख्या उदगीरला पाठ होती. पोलीस ॲक्शनच्या आधी, रझाकारांच्या धामधुमीत, गुरुलिंगप्पा शेटकारांनी सरहद्दीवरच्या एका करोडगिरी नाक्यावर धाड घातली. बंदूक पळवायची म्हणून अंधारात हात घातला, फडक्यात गुंडाळलेली नळी हाताला लागली, ती घेऊन जोंधळ्यातून पळाले. उजाडल्यावर फडकं सोडलं तर आत क्लॅरिनेट. त्यावर इंग्रजीत दोन अक्षरं, एच. पी. म्हणजे हैदराबाद पोलीस. जकात गोळा करणाऱ्या चार शिपायांना नाक्यावर क्लॅरिनेट कशाला लागत असेल, हे इतक्या वर्षांत एकाही माणसानं विचारलं नव्हतं. दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनी, ते चौरंगावर ठेवून त्याला हार घालायचे आणि शाळेचा झेंडा गुरुलिंगप्पांच्या हातून वर जायचा. ते वारल्यावर तो मान त्यांच्या बायकोकडं, सिद्धम्माकडं आला.

थोरल्या चन्नबसप्पाला काचेची पेटी हवी होती. त्याचं धान्याच्या मोंढ्यात आडत दुकान होतं, आणि बापाचं नाव लातुरात पाटीवर लागलं तर मार्केट कमिटीत आपलं वजन वाढेल हे तो कुणापासून लपवत नव्हता. भीमाशंकरला विकायचं होतं. हैदराबादचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी त्याला म्हणाला होता की नुसतं जुनं लाकूड असेल तर काही खरं नाही, पण निजामाच्या पोलिसांचं असेल तर बोलू. जाणकाराचा दाखला आणा, एवढंच त्याचं म्हणणं. योगायोग असा की समितीलाही जाणकाराचा दाखलाच हवा होता. बापामागं दुकानाची वाटणी झाल्यापासून या दोघा भावांचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं, आणि आता दोघांनाही नेमका एकच कागद पाहिजे होता.

खरी पंचाईत सिद्धम्माची होती आणि ती कुणी विचारात घेतली नव्हती. पोलीस ॲक्शनच्या वर्षी ती पहिलटकरीण, निलंग्याला माहेरी आलेली. नवरा उन्हाळ्यात घरातून निघून गेला तो कुठं गेला कुणाला ठाऊक नाही. पोरगं झालं, बारसं झालं, बापाचा पत्ता नाही. शेजारणी तोंडावर विचारायच्या की नवऱ्यानं टाकलं का काय. मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण आला, आणि मागोमाग गुरुलिंगप्पा काखेत ही नळी घेऊन हजर झाले. देशासाठी गेलो होतो, म्हणाले. सिद्धम्मानं त्या एका वाक्यावर सगळं सोडून दिलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण ती दोन अक्षरं ती बोटानं ओळखायची आणि दर सोमवारी त्यांच्यावर विभूती लावायची. ती अक्षरं खरी असतील तर तिनं सोसलेल्याला काहीतरी अर्थ होता. नसतील तर तिला सरळ सरळ टाकून दिलं होतं. घरात तपासणी, जाणकार, दाखला असे शब्द सुरू झाल्यापासून ती कोनाड्यापासून लांब जात नव्हती, आणि आज सकाळपासून देवघराच्या दाराशी बसून होती.

मल्लम्मा आधी थोरल्याच्या बाजूनं होती. काचेच्या पेटीचं तिला काही कौतुक नव्हतं. लातूरला येस्टी जाते, म्हणजे कधीमधी जाऊन बघता येईल, विकलं की गेलं, एवढा साधा तिचा हिशेब. शिवाय दोघे भाऊ एकमेकांशी थेट बोलत नसल्यामुळं तिला मधे बसावंच लागायचं. चन्नबसप्पा म्हणायचा, "मल्लम्मा, त्याला सांग, अप्पाची वस्तू बाजारात न्यायची न्हाई." भीमाशंकर तिथंच दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचा. तो म्हणायचा, "अक्का, अण्णाला सांग, अप्पा काय त्यांच्या एकट्याचे नव्हते." मल्लम्मानं पहिल्यांदा दोन्ही निरोप खरोखर पोचवले, नंतर नुसता हात हलवू लागली.

तिच्या मनात एक वेगळीच गोष्ट होती. लहानपणी शेतात अप्पाजवळ बसली असताना तिनं बघितलं होतं की ऊस खायला घेतला तरी अप्पा तो आधी दोन्ही हातांत तिरपा धरायचे आणि त्यांची बोटं त्यावर हळूहळू चालायची. तिनं विचारलं तर ते म्हणाले, मुंग्या हाकलून राहिलो. त्या उसावर मुंग्या नव्हत्या. हे ती कधी कुणाला बोलली नाही, कारण अप्पांना वाजवता येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बंदूक समजून आणलेली वस्तू माणूस वाजवील कशाला?

साहेबराव मात्र वाजवणारा होता आणि ते त्यानं बसायच्या आधीच सांगितलं. तो पोलीस बँडात क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झालेला, कडक इस्त्रीचा शर्ट, पॉलिशचे बूट. चन्नबसप्पानं लिंगायतांच्या रीतीनं 'शरणार्थी' म्हणून हात जोडले, त्यानं जय भीम म्हटलं आणि खुर्ची मागितली, कारण परेडनं त्याचे गुडघे खाली बसायच्या लायकीचे ठेवले नव्हते. किती मंत्र्यांना आपण सलामी वाजवली, कोणता साहेब आपल्याशिवाय बँड उभा करत नसे, हे त्यानं चहा येईपर्यंत सांगितलं. चहा आला नाही, म्हणून ते आणखी वाढलं. मग त्यानं पत्र्याच्या डबीतून आपलं माऊथपीस आणि रीड काढलं आणि रीड भिजवायला पाणी मागितलं.

गौरम्मा स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आली. वाटीत पाणी होतं, पण ती वाटी सोडेना.

"हे पाणी परत मिळंल का?" तिनं विचारलं.

साहेबराव म्हणाला की बाई, ही पत्ती तोंडात धरायची असते, तिला पाण्यातच ठेवावं लागतं. मग त्यात भांडं घासता येईल का, असं गौरम्मानं विचारलं. भीमाशंकर शरमेनं लाल झाला आणि म्हणाला की कॅन मी आणलाय, त्यातलं द्या. त्यावर गौरम्मा म्हणाली की ते त्यातलंच आहे.

साहेबरावानं फडकं सोडलं. आतल्या काळ्या लाकडावरनं त्यानं अंगठा फिरवला, भोंगा उजेडात धरला, चावी न् चावी दाबून बघितली. हे आपल्याकडचं शिसम नाही, बाहेरून आलेलं काळं लाकूड आहे, विलायती बनावट आहे, कंपनीचं नाव घासून गेलंय, असं तो एकेक सांगू लागला. यंदाच्या कोरड्या हवेनं लाकूड आकसलंय आणि सांध्यावरच्या कड्या सैल झाल्यात. तेल द्यायला हवं होतं. तेल म्हणाल तर डबाभर देते, असं गौरम्मा आतून म्हणाली. मग त्यानं त्या दोन अक्षरांवरची विभूती फुंकरीनं उडवली. दाराशी बसलेल्या सिद्धम्माचा हात आपोआप पुढं झाला आणि पुन्हा मांडीवर आला.

"हं," साहेबराव म्हणाला. "हाय पिच."

कुणाला कळलं नाही. चन्नबसप्पानं त्याला समजावलं की एच. पी. म्हणजे हैदराबाद पोलीस, गावात कुणालाही विचारा. साहेबराव हसला. त्यानं सांगितलं की जुन्या काळी विलायती बँडांचे सूर आजच्यापेक्षा चढे असायचे. त्या मापानं केलेल्या वाद्यांवर एच. पी. असा शिक्का मारायचे, हाय पिच, म्हणजे चढा सूर. पुढं सगळ्या जगाचे सूर खाली आले आणि ही वाद्यं वरच राहिली. आता ती कुणासंगं जुळत नाहीत. पोलिसांच्या वाद्यावर नंबर ठोकलेला असतो, सरकारी खूण असते, आपण जन्मभर तेच हातात धरलंय. इथं त्यातलं काही नाही.

"आन् किंमत?" भीमाशंकरनं विचारलं.

"बँडवाला घेणार न्हाई. शोभेला ठेवायला कुणी घेतलं तर एखाद्या शेळीचे पैसे येतील. ती बी यंदाची शेळी, वाळलेली."

चन्नबसप्पाला हे पटणं शक्यच नव्हतं. त्यानं श्रावणातल्या भजनाची पेटी माळ्यावरून काढायला लावली. गौरम्मानं पेटीवर सा धरला, साहेबरावानं क्लॅरिनेटवर तोच सूर काढला. दोन सूर एकमेकांना लागून खोलीभर थरथरत राहिले, ना हा, ना त्याच्या वरचा, मधलंच काहीतरी. चन्नबसप्पा म्हणाला की पेटीत दोष असेल, दुष्काळात पेटीही आकसते. भीमाशंकर म्हणाला की भाता जोरात मारा, सूर वर जाईल. गौरम्मानं भाता इतका जोरात मारला की माळ्यावरची धूळ सगळ्यांच्या डोक्यावर आली, पण सूर होता तिथंच राहिला. मग दोघा भावांनी मिळून ठरवलं की क्लॅरिनेट थोडं लांब केलं तर खाली येईल, आणि साहेबरावानं सांधा ओढून तेही करून दाखवलं. आता एक सूर जुळला आणि बाकीचे सगळे बिघडले.

याच गडबडीत मल्लम्माच्या लक्षात आलं की भाऊ एकमेकांशी थेट बोलू लागले आहेत. "भीम्या, इकडं ये," असं म्हणून चन्नबसप्पा त्याला मागच्या दारी घेऊन गेला. इतक्या दिवसांत त्यानं धाकट्याला नावानं हाक मारली नव्हती. मल्लम्माला क्षणभर बरं वाटलं, आणि मग ते दोघे खांद्याला खांदा लावून परत आले तेव्हा तिला कळलं की आता आपण एकट्या पडलो.

भावांचा प्रस्ताव असा होता की दाखल्यावर एच. पी. एवढंच लिहावं, त्याचा अर्थ लिहू नये. साहेबराव म्हणाला की अर्थ काढण्यासाठीच मला आणलंय. मग भीमाशंकरनं मास्तरकीचं डोकं चालवलं. हैदराबाद पोलिसांचं हाय पिच, असं लिहिलं तर दोघांचंही खरं होतं. चन्नबसप्पाला हे फारच आवडलं. त्यानं भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "शिकलेला माणूस घरात असावा."

साहेबराव खुर्चीतून उठला. त्याचा चेहरा उतरला नव्हता, तो चढला होता.

"मी पोलीस हाय," तो म्हणाला. "पोलिसाच्या डोळ्यांदेखत खामखा पोलिसाचा शिक्का मारून राहिले तुम्ही. कामून?"

मल्लम्मानं त्याला पुन्हा बसवलं. दाखल्याचं राहू द्या, ती म्हणाली, पण हे कुणाचं असेल, एवढं तरी या लाकडावरून कळतं का? साहेबराव अशा प्रश्नाची वाटच बघत होता. त्यानं क्लॅरिनेट तिच्या पुढं आडवं धरलं. चाव्यांवरचा मुलामा बोटांच्या ठिकाणी उडालाय, म्हणजे एकाच माणसानं पुष्कळ वाजवलंय. पळवून आणून कोनाड्यात ठेवलेली वस्तू अशी झिजत नाही. आणि ही बघा डाव्या करंगळीची चावी. तिला पुढं पितळेचा तुकडा डाग देऊन जोडलाय, बोट पोचावं म्हणून. असं कंपनी करत नाही. ज्याची डावी करंगळी आखूड आहे त्यानं हे सोनाराकडून मुद्दाम करून घेतलं.

गुरुलिंगप्पांची डावी करंगळी एका पेरानं आखूड होती. ती नाक्यावरच्या झटापटीत रझाकाराच्या काठीनं गेली असं तिन्ही पोरांना लहानपणापासून सांगितलेलं होतं. चन्नबसप्पा तर मुक्तिदिनाच्या भाषणात स्वतःची करंगळी दुमडून दाखवायचा.

भीमाशंकरनं सावरून घ्यायला बघितलं. धाडीत बोट गेलं, मग अप्पांनी वाद्य आणलं, मग ते शिकले असतील, असं तो जुळवत होता. चन्नबसप्पा मान हलवत होता. तेवढ्यात दाराशी बसलेली सिद्धम्मा बोलली.

"बोट लहानपणीच घाण्यात गेलं व्हतं. लग्नात मी हात धरला तवा बी आखूडच व्हतं."

"अव्वा, मग तू कधी बोलली न्हाईस?" मल्लम्मानं विचारलं.

"तुमचे अप्पा सांगत व्हते. त्यांच्या तोंडावर कसं बोलायचं."

ती उठून आत आली आणि साहेबरावाच्या समोर पाटावर बसली. म्हणजे हे आधीपासून त्यांचंच होतं आणि ते वाजवत होते, असंच ना, तिनं विचारलं. साहेबराव हो म्हणाला. वाजवणारा कुठं वाजवील, तिनं विचारलं. या वेळी साहेबरावाला बढाई मारावीशी वाटली नाही. तो म्हणाला की त्या काळी दुसरं काय असणार, लग्नाच्या बाज्यात. आडत्याच्या घरचा लिंगायताचा पोर लाल कोट घालून वरातीपुढं वाजवतो म्हटल्यावर घरात सांगायची चोरीच असणार. सिद्धम्मानं ऐकून घेतलं. मग गौरम्माला म्हणाली की पेटीवर हात ठेव, आणि साहेबरावाला म्हणाली की त्या दोन सुरांचं पुन्हा एकदा होऊ द्या.

पुन्हा सा लागला आणि पुन्हा तो चढा सूर त्याच्या वरनं थरथरत गेला. सिद्धम्मानं डोळे मिटले.

"आता पाळण्याचं वाजवा," ती म्हणाली.

साहेबरावाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा सांगितलं. गौरम्माला पाळण्याची चाल येत होती, तिनं ती पेटीवर धरली, आणि साहेबराव तिच्यासंगं वाजवू लागला. दोघं एकच चाल वाजवत होते आणि ती एक होत नव्हती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी या घरात सगळे हसले असते.

"बास," सिद्धम्मा म्हणाली. "हाच व्हता."

मग तिनं जे सांगितलं ते पोरांनी कधी ऐकलं नव्हतं, कारण तिलाच ते आजपर्यंत सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. चन्नबसप्पाचं बारसं होऊन थोडेच दिवस झाले होते. रझाकारांच्या भीतीनं निलंग्यात लोक दिवसाढवळ्या दारं लावून बसायचे. ती बाळंतिणीच्या खोलीत होती. दुपारी गल्लीतून बाजा आला. ना नवरदेव, ना घोडं, ना वऱ्हाड, लग्नाचे दिवससुद्धा नव्हते. नुसता बाजा, आणि वाजवत काय होता तर पाळणा. तिची आई म्हणाली, दुनिया बिघडली, लग्नाचा बाजा पाळणा वाजवायला लागला. त्यातला एक जण बाकीच्यांच्या वरनं वाजवत होता. तिच्या भावानं खिडकीच्या फटीतून बघितलं, त्याला नुसत्या लाल कोटांच्या पाठी दिसल्या; तो हसला आणि म्हणाला, एकाचा सूरच लागंना. बाजा गल्लीच्या टोकाला गेला, परत आला, त्यांच्या दारापुढं थांबला, पुन्हा तेच वाजवलं आणि निघून गेला.

काचेची पेटी, पाटी, मार्केट कमिटी, सगळं चन्नबसप्पाच्या डोक्यातून कुठल्या कुठं गेलं होतं. आडतीवर शेतकऱ्यांना घामाघूम करणारा हा माणूस लहान पोरासारखा तोंड वासून आईकडं बघत राहिला.

"म्हणजे अप्पा आले व्हते," तो म्हणाला. "माझ्यासाठी आले व्हते."

"आले व्हते," सिद्धम्मा म्हणाली. "दारापतुर."

चन्नबसप्पा रडायला लागला आणि भीमाशंकरनं त्याला धरलं. मल्लम्माला वाटलं, आता अव्वाही रडेल, म्हणून ती जवळ सरकली. पण सिद्धम्माच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. तिचे कान लाल झाले होते आणि ती जोरजोरात श्वास घेत होती. सगळ्यांना उशिरानं कळलं की ती संतापली आहे. त्या बाईला संतापलेलं कुणी बघितलंच नव्हतं, म्हणून ओळखायला वेळ लागला.

"उभ्या जन्मात मी त्या माणसाशी एकदा बी भांडले न्हाई," ती म्हणाली. "देशासाठी गेलेल्या माणसाशी कसं भांडायचं? भाकरी करपली म्हणून ताट सरकवलं, मी गप. न सांगता चार-चार दिवस घराबाहेर ऱ्हायले, मी गप. म्हनलं, यांनी रझाकाराशी झुंज दिलीय, आपण कोण बोलणार. आन् हा माणूस माझ्या दारापुढं उभा ऱ्हाऊन बाजा वाजवून गेला. एक उंबरा ओलांडला न्हाई त्यानं."

भीमाशंकरनं घाबरत विचारलं, मग आता हे विकायचं का. कुणी हात लावायचा नाही, सिद्धम्मा म्हणाली, लातूरला नाही आणि हैदराबादला नाही. समितीची माणसं उद्या येणार आहेत त्यांना काय सांगू, असं चन्नबसप्पानं डोळे पुसत विचारलं. त्यांना काय वाटेल ते सांग, ती म्हणाली. तिनं साहेबरावाच्या हातातून क्लॅरिनेट घेतलं. साहेबरावानं आपलं माऊथपीस आणि रीड काढून घेतलं आणि स्वतःहून खुर्ची सोडून बाजूला झाला. सिद्धम्मानं त्या रिकाम्या खुर्चीवर क्लॅरिनेट उभं ठेवलं, पडू नये म्हणून पाठीला टेकवलं, आणि स्वतः पाट पुढं ओढून समोर बसली.

"तुमी सगळे बाहेर जा," ती म्हणाली. "दार लावून घ्या."

सगळे ओट्यावर येऊन बसले. गौरम्मानं रिडाची वाटी हातात धरून ठेवली होती, तिला ती कुठं ठेवावी सुचत नव्हतं. दोघे भाऊ एका पायरीवर बसले. साहेबराव उभाच राहिला. आतून पदर सारखा केल्याचं आणि घसा खाकरल्याचं ऐकू आलं. मग तिचा आवाज आला, आणि तो त्यांच्यापैकी कुणाच्याच ओळखीचा नव्हता.

"बसा," ती म्हणाली. "आज उठून जायचं न्हाई."